अडुसष्ट : एका संख्येने राखलेले सोलापूर

१/ विजापूर रस्त्याच्या बाजूला वाढलेले जुळे सोलापूर हे शहराचे नवे अंग. जुन्या सोलापूरची ओळख मात्र शतकानुशतके एका संख्येशी बांधलेली आहे : ६८. ही संख्या आली कुठून, आणि तिने काय राखले?

२/ आधी गणित पाहू. ६८ म्हणजे ४ गुणिले १७; तसेच २ आणि ८ यांच्या वर्गांची बेरीज. तिच्या अंकांचे वर्ग मिळवले तर ३६ + ६४ = १००, आणि १०० वरून तीच कृती केली की १. असा प्रवास १ वर थांबणाऱ्या संख्येला गणितात ‘आनंदी संख्या’ म्हणतात.

३/ याहून विलक्षण गुण मूळ संख्यांचा. ६८ दोन मूळ संख्यांच्या बेरजेने नेमकी दोनच प्रकारे बनते : ७ + ६१ आणि ३१ + ३७. असे नेमके दोनच प्रकार असणारी याहून मोठी सम संख्या आजवर सापडलेली नाही. ती नाहीच, हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही.

४/ पण सोलापूरने ६८ निवडली ती या गुणांसाठी नव्हे. शैव परंपरेत अडुसष्ट तीर्थांची कल्पना जुनी आहे. स्कंदपुराणाच्या काशीखंडात देशभरची अडुसष्ट शिवस्थाने काशीत येऊन वसल्याचे वर्णन आहे.

५/ बाराव्या शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, ही शिवयोगी सिद्धरामेश्वरांची कर्मभूमी. त्यांनी तलाव खोदवला आणि गावाच्या परिसरात ६८ लिंगे स्थापिली, अशी परंपरा आहे. ज्याला दूरची यात्रा परवडत नाही, त्याला सारी तीर्थे पायी फिरण्याच्या अंतरात मिळाली.

६/ दर जानेवारीत, संक्रांतीच्या गड्डा यात्रेत, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो. या विधीचे नाव ‘यण्णीमज्जन’. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल. मराठी-कन्नड सीमेवरच्या या शहराची दुहेरी वाणी त्या एका शब्दात टिकून आहे.

७/ संख्येचे खरे सामर्थ्य इथे दिसते. ‘पुष्कळ लिंगे’ असे म्हटले असते, तर रस्ते आणि इमारतींच्या रेट्यात एखादे लिंग नाहीसे झाल्याचे कुणाला कळलेही नसते. ‘अडुसष्ट’ म्हटले की सदुसष्टावर थांबता येत नाही. गावाचे शहर झाले, राजवटी बदलल्या. मोजणी मात्र दरवर्षी नव्याने पूर्ण करावी लागते.

८/ वारसा केवळ दगडात टिकत नाही, तो मोजदादीतही टिकतो. आपल्या गावातल्या विहिरी, वेशी, बारवा, वीरगळ किती, हे नेमके सांगता येते का? जे मोजलेले नसते, ते हरवल्याचेही कळत नाही.