प्रकटीकरण (बायबल) : अर्थनिर्णय

प्रकटीकरण : बायबलच्या नव्या करारातील शेवटचे, २२ अध्यायांचे ग्रीक पुस्तक. जगाचा अंत, ख्रिस्ताचे पुनरागमन, हजार वर्षांचे राज्य आणि अंतिम न्याय यांविषयीच्या ख्रिस्ती कल्पना मुख्यतः या पुस्तकावर, तसेच दानीएलाच्या पुस्तकावर आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायावर उभ्या आहेत. कर्ता स्वतःचे नाव योहान सांगतो. पात्म बेटावर असताना आपल्याला दर्शन झाले, असे तो म्हणतो. हा योहान येशूचा शिष्यच, असे परंपरा मानते. मात्र अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने तिसऱ्या शतकातच भाषाशैलीवर बोट ठेवून ते अमान्य केले. रचना बहुतेक अभ्यासक रोमन सम्राट डोमिशनच्या (कार. ८१–९६) अखेरच्या वर्षांतली धरतात, काही जण ती नीरोच्या मृत्यूनंतर लगेचची मानतात.

मूळ वाचक : भाकितांच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. हे पुस्तक रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील (आजचा पश्चिम तुर्कस्तान) सात मंडळ्यांना धाडलेले पत्र आहे : इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया व लावदिकीया. पर्गम येथे इ. स. पू. २९ पासून रोम व ऑगस्टस यांची उपासना चालू होती. सैतानाचे आसन या गावी असल्याचा उल्लेख त्या संदर्भात वाचला जातो.

लावदिकीयाचे उदाहरण विशेष बोलके आहे. इ. स. ६० च्या भूकंपात हे शहर कोसळले. रोमची मदत न घेता ते स्वतःच्या पैशावर पुन्हा उभे राहिले, अशी नोंद इतिहासकार टॅसिटसने केली आहे. योहान नेमका याच मंडळीच्या श्रीमंतीच्या गुर्मीवर घसरतो. काळ्या लोकरीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला तो पांढरी वस्त्रे घ्यायला सांगतो. या मंडळीला तो कोमट ठरवतो, त्याचा संबंध पाण्याशी जोडतात : शेजारच्या हेरापलीला गरम झरे, कलस्सैला थंड पाणी आणि लावदिकीयाला नळाने आणलेले पाणी. त्या नळांत साठलेले चुन्याचे जाड थर अवशेषांत आजही दिसतात. हा संबंध सर्वमान्य नाही.

श्वापदाचा अंक : १३व्या अध्यायात श्वापदाचा अंक ६६६ दिला आहे. हिब्रूत अक्षरांनाच अंकमूल्य असते. ‘नेरोन कैसर’ (सम्राट नीरो) ही अक्षरे मांडली, तर ५० + २०० + ६ + ५० आणि १०० + ६० + २०० मिळून ६६६ भरतात. नावातला शेवटचा ‘न’ गाळला की ६१६ उरतात. काही जुन्या हस्तलिखितांत हाच आकडा असून, दुसऱ्या शतकातील आयरेनियसलाही तो ठाऊक होता. त्याने तो चूक ठरवला. दोन्ही पाठांचा एकाच हिशेबाने उलगडा होतो, हे श्वापद म्हणजे नीरो या मताचे मोठे बळ. सात टेकड्यांवर बसलेली १७व्या अध्यायातील ‘बाबेल’ म्हणजे रोम, याबद्दल फारसे दुमत नाही. सहाव्या अध्यायातील महागाईचा तपशीलही त्याच जगातला आहे : दिवसभराच्या मजुरीत एका माणसापुरता गहू.

पद्धती : चार मुख्य पद्धती मानतात. भूतलक्ष्यी पद्धती घटना पहिल्या शतकात पाहते, इतिहासलक्ष्यी चर्चच्या सबंध इतिहासात, भविष्यलक्ष्यी अंतकाळात. चौथी सारे रूपकात्मक मानते. प्रॉटेस्टंट लेखक पोपलाच श्वापद ठरवू लागले, तेव्हा दोन स्पॅनिश जेझुइटांनी त्याला दोन विरुद्ध दिशांना हलवले : रिबेराने भविष्यात, आल्काझारने (१६१४) भूतकाळात. जॉन नेल्सन डार्बी (१८००–८२) याच्या भविष्यलक्ष्यी मांडणीला स्कोफील्ड बायबलने (१९०९) अमेरिकेत घरोघरी नेले.

तारखा : न्यूटनने या विषयावर लिहिलेले पुस्तक मृत्यूनंतर, १७३३ मध्ये निघाले, भाकिते आधीच वर्तवण्याच्या हौसेला त्याचा विरोध होता. अमेरिकन शेतकरी विल्यम मिलरच्या चळवळीने मात्र दानीएलातील २,३०० दिवसांची वर्षे केली आणि इ. स. पू. ४५७ पासून मोजत ख्रिस्ताच्या पुनरागमनाची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख गाठली. ती कोरडी गेली. बहुसंख्य अभ्यासकांच्या मते तो उतारा चौथ्या अँटायोकसने इ. स. पू. १६७ मध्ये केलेल्या यरुशलेमच्या मंदिराच्या विटंबनेविषयी आहे. १८४४ च्या या अपेक्षाभंगातून सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ (१८६३) उभा राहिला. पुण्यातील स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. टेक्ससमधील वेको येथे १९९३ मध्ये याच पंथातून फुटलेल्या एका गटाचा नेता डेव्हिड कोरेश याचा व त्याच्या अनेक अनुयायांचा अंत झाला, तेव्हा कोरेश प्रकटीकरणातील सात शिक्क्यांचा अर्थ लिहीत होता.

चर्चमधील स्थान : ल्यूथरने आपल्या भाषांतरातील या पुस्तकाच्या १५२२ च्या प्रस्तावनेत नापसंती नोंदवली; पुढे हेच पुस्तक पोपविरुद्ध वापरले. कॅल्व्हिनने यावर भाष्य लिहिले नाही.

कला : ड्यूररची १५ काष्ठचित्रे (१४९८) प्रसिद्ध आहेत.

मराठी : नवा करार बंगालमधील श्रीरामपूरहून १८११ मध्ये निघाला. पंडिता रमाबाईंनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.