सीलची बुडी आणि गुदमरलेले बाळ

जन्मताना बाळ गुदमरले तर त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण अशा बाळाची आतडी आणि यकृतही बिघडू शकतात. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर प्रसूतिगृहात नव्हे, तर पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातून मिळाले.

पाण्याखाली बदकाच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७० मध्ये नोंदवले होते. त्यामागचे कारण १९४० मध्ये नॉर्वेच्या पेर शोलांडर यांनी सीलवरील प्रयोगांतून पुढे आणले. बुडी मारलेल्या सीलच्या स्नायूंत ऑक्सिजनअभावी लॅक्टिक आम्ल साठते. ते रक्तात उतरायला हवे. प्रत्यक्षात बुडी चालू असताना रक्तातील आम्ल फारसे वाढत नाही. सील वर येऊन श्वास घेऊ लागला, की ते एकदम चढते. म्हणजेच बुडीच्या काळात स्नायूंकडे रक्त जवळजवळ जातच नाही. आतडी आणि मूत्रपिंडे यांचीही तीच गत होते. शिल्लक ऑक्सिजन मेंदू आणि हृदय यांच्यासाठी राखला जातो.

नवजात बाळांच्या आतड्याला छिद्र का पडते, याचा विचार करताना १९६९ मध्ये जे. आर. लॉइड यांनी हीच कल्पना मांडली. गुदमरलेले बाळही सीलप्रमाणे मेंदू वाचवू पाहते आणि त्याची किंमत आतड्याला मोजावी लागते. १९७२ मध्ये रॉबर्ट टुलुकियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या नवजात पिल्लांवर प्रयोग केले. गुदमरलेल्या पिल्लांच्या आतड्याच्या अस्तराचे रक्त खरोखरच आटत होते.

यकृताची अडचण दुहेरी असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते. आतड्यांचे रक्त आटले, की यकृताचाही पुरवठा घटतो. मग यकृतपेशींतील विकरे रक्तात झिरपतात. रक्त गोठवणारी प्रथिने कमी पडली, तर रक्तस्राव होऊ शकतो. सुदैवाने बाळ वाचले तर यकृत बहुधा काही दिवसांत सावरते.

सीलवरून सुचलेली ही कल्पना इतकी पटणारी होती, की गुदमरलेल्या बाळाला काही दिवस दूध न देण्याची सावध प्रथा रुजली. परंतु आतड्याचे अस्तर मरण्याचा गंभीर रोग मुख्यतः अकाली जन्मलेल्या बाळांत दिसतो, आणि तोही बऱ्याचदा जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी. एकट्या गुदमरण्याने त्याचा उलगडा होत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळांचे काय? मेंदूच्या रक्षणासाठी गुदमरलेल्या बाळाचे शरीर तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार ब्रिटनमध्ये केला जातो. अशा सहा हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी २०२१ मध्ये तपासण्यात आल्या. उपचार चालू असताना दूध मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही गटांत हा रोग विरळच होता. उलट, घरी जाताना आईचे दूध पिणारी बाळे पहिल्या गटात अधिक होती. अर्थात, डॉक्टरांनी मुळात तब्येत बरी असलेल्या बाळांनाच दूध दिले असण्याची शक्यता उरते. म्हणून अशा नोंदींची तुलना फार जपून करावी लागते.

सीलने डॉक्टरांना योग्य प्रश्न सुचवला. बाळाला दूध द्यावे की नाही, याचे उत्तर मात्र बाळांच्याच नोंदींतून शोधावे लागले. वर्गात उपमा देऊन एखादी गोष्ट समजावताना हा फरक विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावा.