भूमीचा पुत्र : एक आयरिश लांडगी आणि सोलापूरचे माळरान

१/ ॲनिमेशनपटांतील आयरिश पात्रांचा विषय निघाला की तीन मुली डोळ्यांपुढे उभ्या राहतात. ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ (२००९) मधील वनकन्या ॲश्लिंग, ‘साँग ऑफ द सी’ (२०१४) मधील सिर्शा आणि ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) मधील लाल केसांची मेव्ह. तिन्ही चित्रपट किलकेनी या लहानशा आयरिश शहरातील ‘कार्टून सलून’ या संस्थेचे. तिन्हींना ऑस्करचे नामांकन मिळाले. आजचा धागा मेव्हविषयी आहे, आणि तो किलकेनीहून निघून थेट सोलापूरच्या माळरानावर पोहोचणार आहे.

२/ प्रथम कथा. साल १६५०. किलकेनीच्या तटबंदीबाहेर घनदाट अरण्य आहे. त्यात लांडग्यांचा कळप राहतो. अरण्य तोडून तेथे शेती करायची, तर आधी लांडगे संपवले पाहिजेत, असा राज्यकर्त्याचा हुकूम आहे. या कामासाठी इंग्लंडहून बिल नावाचा शिकारी आला आहे. त्याची मुलगी रॉबिन हिची गाठ अरण्यात मेव्हशी पडते. मेव्ह जागेपणी माणूस आणि झोपेत लांडगी. तिचे शरीर निजलेले असताना तिचा प्राण लांडगीच्या रूपाने रानात हिंडतो.

३/ मेव्हचे पूर्ण नाव ‘मेव्ह ओग मॅक टीरे’. आयरिश भाषेत लांडग्याला ‘मॅक टीरे’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘भूमीचा पुत्र’. मराठीत ‘भूमिपुत्र’ या शब्दाला केवढे राजकीय वजन आहे, हे निराळे सांगायला नको. ज्या भाषेने लांडग्याला भूमिपुत्र म्हटले, त्या भाषेच्या देशात परक्या सत्तेने लांडग्याच्या डोक्यावर इनाम लावले. चित्रपटाचा सारा अर्थ या एका नावात साठलेला आहे.

४/ माणूस आणि लांडगा एकच, ही कल्पना चित्रपटकर्त्यांनी नव्याने रचलेली नाही. किलकेनीचा परिसर म्हणजे प्राचीन ऑसरी राज्य. तेथील मानवी लांडग्यांची कथा गेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवली. रात्री अरण्यात मुक्कामाला असलेल्या एका धर्मगुरूसमोर लांडगा येतो, माणसासारखा बोलतो, आणि मरणासन्न पत्नीसाठी अंतिम संस्काराची याचना करतो. शापामुळे ऑसरीतील एका जोडप्याला दर सात वर्षे लांडगा होऊन राहावे लागते, असे तो सांगतो.

५/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे. गेराल्ड हा तटस्थ लोककथासंग्राहक नव्हता. ज्या नॉर्मन घराण्यांनी आयर्लंडवर आक्रमण केले, त्यांच्याच गोतावळ्यातील तो होता. ११८५ मध्ये राजपुत्र जॉनबरोबर तो आयर्लंडात आला. आयरिश लोक रानटी आहेत, म्हणून त्यांना जिंकणे योग्यच, हा सूर त्याच्या लेखनात सतत ऐकू येतो. म्हणजे माणूस-लांडग्याची हीच कथा एके काळी आयरिशांना हिणवण्याच्या कामी आली. आठशे वर्षांनी किलकेनीच्याच कलावंतांनी ती परत मागून घेतली आणि तिची नायिका केली.

६/ आता चित्रपटातील खलनायक. त्याला सर्वत्र ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ एवढेच म्हटले आहे, पण तो ऑलिव्हर क्रॉमवेल हे उघड आहे. क्रॉमवेल ऑगस्ट १६४९ मध्ये डब्लिनला उतरला. सप्टेंबरात ड्रॉएडा आणि ऑक्टोबरात वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने भीषण कत्तली केल्या. मार्च १६५० मध्ये किलकेनीने शरणागती पत्करली. १६४२ पासून कॅथलिक संघराज्याची राजधानी राहिलेले हे शहर पडणे ही साधी घटना नव्हती.

७/ चित्रपटाने इतिहासाशी काही सवलती घेतल्या आहेत. क्रॉमवेलला ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ हे पद १६५३ मध्ये मिळाले, १६५० मध्ये नव्हे. तो मे १६५० मध्येच आयर्लंड सोडून गेला. पडद्यावर त्याचा जो शेवट दिसतो, तोही कल्पित आहे. खरा क्रॉमवेल १६५८ मध्ये लंडनला वारला. मात्र ज्या गोष्टीवर कथा उभी आहे ती, म्हणजे लांडग्यांविरुद्धची सरकारी मोहीम, पूर्णपणे खरी आहे.

८/ एप्रिल १६५२ मध्ये किलकेनीहूनच एक हुकूम निघाला. आयर्लंडातील मोठे लांडगे-शिकारी कुत्रे देशाबाहेर नेण्यास त्याने मनाई केली, कारण लांडगे मारायला ते हवे होते. पुढच्या वर्षी, जून १६५३ मध्ये, इनामाचा दर जाहीर झाला. मादीला ६ पौंड, नराला ५ पौंड, स्वतः शिकार करू लागलेल्या पिल्लाला ४० शिलिंग आणि दूध पिणाऱ्या पिल्लाला १० शिलिंग. मादीचा दर अधिक का, हे उघड आहे. तिला मारले की पुढची पिढीच खुंटते.

९/ परंतु त्या काळच्या इनामाच्या यादीत लांडगा एकटा नव्हता. कॅथलिक धर्मगुरू पकडून देणाऱ्यालाही इनाम होते आणि रानात दडून लढणाऱ्या बंडखोर आयरिशांच्या डोक्यावरही. या बंडखोरांना ‘टोरी’ म्हणत. पुढे ब्रिटिश राजकीय पक्षाला चिकटलेला शब्द तो हाच. लांडगा, धर्मगुरू आणि टोरी ही त्रयी त्या काळी इंग्लंडच्या संसदेतही ‘नष्ट करावयाची तीन जनावरे’ म्हणून एका दमात उच्चारली गेली.

१०/ म्हणून मेव्ह हे पात्र केवळ गोंडस नाही. लांडगा आणि माणूस यांना एकाच यादीत बसवणाऱ्या सत्तेला तिने दिलेले ते उत्तर आहे. ‘तुम्ही आम्हांला जनावर म्हणता? बरे, आम्ही लांडगेच आहोत,’ असा तिचा पवित्रा आहे. चित्रशैलीही हेच सांगते. शहर सतराव्या शतकातील लाकडी ठशांच्या छपाईसारखे, जाड आणि ताठ रेघांचे. अरण्य मात्र सैल, वाहत्या रेघांचे, पेन्सिलीच्या खुणा तशाच ठेवलेले. दोन्ही जगांचे व्याकरणच वेगळे आहे.

११/ आयर्लंडातील अखेरचा लांडगा १७८६ च्या सुमारास कार्लो परगण्यात माउंट लेन्स्टरच्या परिसरात मारला गेला, असे सामान्यतः मानले जाते. हा डोंगर किलकेनीपासून फार दूर नाही. ज्या देशाला इंग्रज एके काळी ‘लांडग्यांची भूमी’ म्हणत, तेथे आता एकही रानटी लांडगा नाही. भूमिपुत्र हा शब्द उरला, पुत्र उरला नाही.

१२/ आता इकडे या. १८१८ मध्ये पेशवाईच्या अखेरच्या युद्धात सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात उपद्रवी जनावरे मारण्यासाठी इनाम देण्याची पद्धत रूढ झाली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अभ्यासानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबटे आणि २ लाख लांडगे मारले गेले. वाघाच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यांत लागली. लांडग्याचा हिशेब मात्र फक्त सरकारी वहीत राहिला.

१३/ येथेही यादीत केवळ जनावरे नव्हती. १८७१ मध्ये ‘गुन्हेगार जमाती कायदा’ आला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. भटकंती हेच ज्यांचे जीवन, असे कितीतरी समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. त्यांना हजेरी सक्तीची झाली, परवान्यावाचून गाव सोडणे अपराध झाले. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली आणि तेथील माणसे गिरण्यांत कामाला जुंपली गेली. ‘सेटलमेंट’ हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी आजही आहे.

१४/ ही तुलना नीट समजून घ्यावी. येथे माणसांची जनावरांशी बरोबरी केलेली नाही, ती सत्तेने केली होती. कुंपणात न मावणारे, महसुलाच्या वहीत न बसणारे, एका जागी न राहणारे जे जे काही, ते उपद्रवी, हे शासनाचे सूत्र किलकेनीत होते आणि सोलापुरातही होते. स्वातंत्र्यानंतर हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे समाज मुक्त झाले. म्हणजे देशानंतर ५ वर्षे आणि १६ दिवसांनी. तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो.

१५/ एक गुंतागुंतही नोंदवली पाहिजे. जिंकले गेलेले आयरिश पुढे त्याच साम्राज्याचे चाकर म्हणूनही हिंदुस्थानात आले. जालियनवाला हत्याकांडाच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओड्वायर टिपरेरीचा, म्हणजे किलकेनीच्या शेजारच्या परगण्याचा. ‘वुल्फवॉकर्स’मधील बिल हा असाच मनुष्य आहे. तो दुष्ट नाही, भ्यालेला आहे. मुलीच्या काळजीपोटी तो हुकूम पाळत जातो आणि तिलाच गमावण्याच्या कड्यावर येऊन उभा राहतो. साम्राज्ये क्रॉमवेलवर जितकी चालतात, त्याहून अधिक अशा बिलांवर चालतात.

१६/ मग सोलापूरच्या लांडग्याचे काय झाले? तो टिकला. शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर नान्नजचे माळढोक अभयारण्य आहे. १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरांवर घोषित झालेले हे अभयारण्य पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. ज्या पक्ष्यासाठी ते निर्माण झाले, तो माळढोक आता जवळपास दिसेनासा झाला आहे. पण त्याच गवतात काळवीट आहेत आणि काळविटांमागे लांडगा आहे.

१७/ तो टिकला याचे काही श्रेय येथील मेंढपाळ संस्कृतीला द्यावे लागेल. धनगर मेंढके लांडग्याला शत्रू मानतात, राखणीला कुत्री ठेवतात, रात्री वाघुरीत मेंढ्या कोंडतात. तरीही लांडग्याने उचललेले कोकरू हा त्याचा वाटा, अशी समजूत त्यांच्यापैकी काहींत सांगितली जाते. वैर आहे, पण समूळ उच्छेदाची भाषा नाही. इनामाच्या वहीत आणि मेंढक्याच्या समजुतीत हा मोठा फरक आहे.

१८/ लांडगा निरुपद्रवी आहे, असे म्हणणे अप्रामाणिक होईल. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुले दगावली. ज्या मेंढक्याची चार कोकरे एका रात्रीत जातात, त्याला मेव्हची कथा सांगून भागणार नाही. त्याला वेळेवर नुकसानभरपाई लागते. संरक्षणाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न चित्रपट संपतो तेथे सुरू होतो.

१९/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत लांडगा आहे. पण तो ज्यावर जगतो, त्या माळरानाला तसे कवच नाही. महसुली दृष्टीने माळ म्हणजे ‘पडीक’. पीक नाही, झाड नाही, म्हणून काहीच नाही. त्यावर रस्ते, कारखाने, भूखंड येतात. कधी वृक्षारोपणाच्या उत्साहात गवतच गाडले जाते. जोडीला भटकी कुत्री. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये पुढे आला. देशात लांडगे उरले आहेत सुमारे ३ हजार, म्हणजे जवळपास वाघांइतकेच.

२०/ मुंबईत जन्मलेल्या किपलिंगने लांडग्यांनी वाढवलेला मोगली लिहिला (१८९४) आणि हिंदुस्थानात वाढलेला आयरिश पोर किम ओहाराही लिहिला (१९०१). मोगली जगभर पोहोचला. त्याच काळात त्याचे कळप सरकारी इनामासाठी मारले जात होते. पात्र लाडके होणे आणि प्राणी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून लक्षात यावे.

२१/ किलकेनीच्या कलावंतांना लांडगा रेखाटावा लागला, कारण त्यांच्या रानात तो उरला नव्हता. सोलापूरच्या मुलाला त्यासाठी पडद्याकडे पाहण्याची गरज नाही. नान्नजच्या माळावर पहाटे तो अजून दिसू शकतो. मात्र आपल्याकडे मेव्ह नाही. लांडगा म्हटले की आपल्या ओठी ‘लांडगा आला रे आला’ येते, आणि त्या गोष्टीतला लांडगा शेवटी खरोखरच येतो. पुढच्या पिढीने ही गोष्ट ऐकताना ‘लांडगा म्हणजे काय?’ असे विचारू नये, एवढी जबाबदारी आपली आहे. धागा समाप्त.