अचानक असं काही नसतं

'कॉम्प्युटर अचानक स्लो झालाय' ही तक्रार घरोघरी पीसी आले तेव्हाची, असं आपल्याला वाटतं. खरं तर ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

1962 साली इंग्लंडात मँचेस्टरला 'अ‍ॅटलस' नावाचं मशीन सुरू झालं. तेव्हा मेमरी फार महाग. म्हणून युक्ती केली : लागेल तेवढीच माहिती मेमरीत ठेवायची, बाकीची फिरत्या ड्रमवर, आणि गरज पडेल तशी अदलाबदल करायची. ही युक्ती पुढे सगळीकडे पसरली. मग एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काम थोडंसंच वाढवलं तरी मशीन थोडंसं नव्हे, एकदम बसायचं. 1968 मध्ये पीटर डेनिंग यांनी याचं कारण नीट मांडलं. ओटा लहान पडला की दर फोडणीला एक डबा माळ्यावर ठेवा, दुसरा काढा... सगळा वेळ चढउतारातच जाणार, स्वयंपाक होणारच नाही! याला म्हणतात थ्रॅशिंग. बसणं अचानक, पण कारण हळूहळू साठलेलं.

आता आमच्या अकोल्यात येऊ. (विदर्भातलं अकोला नव्हे हो, प्रवरेकाठचं अकोले!) 2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं, त्याच सुमारास एमएस-सीआयटीचे क्लास निघाले आणि पोराबाळांसाठी घरात पीसी आले. बहुतेकांत रॅम 128 एमबी. त्यात अँटिव्हायरस टाकला की ओटा भरलाच.

दुसरं कारण विजेचं. 1926 साली पुरं झालेलं भंडारदरा धरण आमच्याच तालुक्यात, तिथे वीजही तयार होते. पण त्या वर्षांत लोडशेडिंग काही चुकलं नाही. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल बिघडायच्या, आणि दुबळ्या झालेल्या हार्डडिस्कला ते आणखीच जड जायचं. डिस्कवरची एखादी जागा खराब झाली की तीच पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न होतो आणि सगळं गोठतं. शिवाय एक्सपीला एक सवय होती. डिस्ककडून माहिती येताना ठरावीक प्रकारच्या सहा चुका झाल्या की ते मुकाट्याने जुन्या, संथ 'पीआयओ' पद्धतीवर उतरायचं. कारण कधीकधी फक्त सैल केबल!

तिसरं, धूळ. पेंटियम 4 फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करायचा. पंख्यात धूळ वर्षभर साठायची, तक्रार यायची ती मेमधल्या एका दुपारी.

या सगळ्यावर दुकानात औषध एकच : "फॉरमॅट मारावा लागेल." गंमत म्हणजे गुण यायचा. विंडोज नव्याने टाकलं की व्हायरस जायचा, सहा चुकांचा हिशेबही पुसला जायचा. पण केबल तीच, धूळ तीच, वीज तीच... काही महिन्यांनी पुन्हा तेच. आणि दरवेळी सी ड्राइव्हवरचं 'माय डॉक्युमेंट्स' साफ. डिजिटल कॅमेरे नुकतेच आले होते, फोटो तिथेच असायचे. आमच्या नात्यातल्या एका घरी आजोबांचे शेवटचे फोटो असेच गेले. मशीन मात्र दोन महिने छान पळालं.

वाईट याचं वाटतं की तपासायची साधनं आतच होती. घटनांची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज एनटीत 1993 पासून. टास्क मॅनेजर 1996 पासून. एक्सपीबरोबर दोन्ही घराघरात पोचले. डिस्क खराब होत असेल तर नोंदवहीत लाल खुणा पडायच्या. ती उघडायला कोणी शिकवलं नाही, एवढंच.

एक्सपीला कंपनीने 2014 मध्ये निरोप दिला. फिरणाऱ्या डिस्कच्या जागी एसएसडी आल्या. तरी गावात जुने पीसी अजून आहेत, आणि तक्रारही आहे. माझ्याकडे कोणी आलं तर मी क्रम सांगतो : आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा, कारण डिस्क मरत असेल तर वेळ थोडा असतो. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरी आणि डिस्क बघा, नोंदवही बघा, डबा उघडून धूळ बघा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

विंडोज पुन्हा टाकता येतं. आजोबांचे फोटो नाही.