टोपलीतली तहान

इतिहास म्हटला की धुळ्याच्या माणसाला राजवाड्यांची दप्तरे आठवतात. मला गारुड्याची टोपली आठवते. दप्तराला भीती ओलीची, टोपलीतल्या सापाला कोरड्या हवेची. एवढे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

लहानपणी नागपंचमीला गारुडी दारात आला, की आई दुधाची वाटी आणी. नाग वाटीत तोंड घाली, आई हात जोडी आणि मी टाळ्या पिटी. तिघेही आपापल्या परीने धन्य!

मग एका मे महिन्यात जळगावला बहिणीकडे गेलो. बाहेर पंचेचाळीस अंश, आत वाळ्याचे पडदे आणि रांजणाच्या बुडाशी धामण. दाजी पलंगावर चढले ते सर्पमित्र येईपर्यंत उतरले नाहीत.

"काका, तुम्हांला वाळ्याचा पडदा लागतो, हिला एवढीशी ओल नको?" पोरगा म्हणाला. "हवा कोरडी असली तर कात अखंड निघत नाही, तुकडे चिकटून राहतात. डोळ्यावरची राहिली तर दिसतही नाही. अन् नुसती ओलच असली, वारा नसला, तर पोटाला फोड येतात."

"मग दूध?" मी विचारले.

"दूध त्याला पचत नाही, काका. नागपंचमीच्या आधी त्याला कित्येक दिवस पाणीच देत नाहीत. तहानेला जीव, समोर येईल ते पितो!"

परतताना गाडीत सारा इतिहास नव्याने मांडला. बत्तीस शिराळ्याला नाग मडक्यात ठेवीत. मातीला निदान गारवा असतो. टोपलीत तोही नाही. १९८० साली नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांच्या संगतीत ७२ तास बसले, १९८६ साली कात्रजला सर्पोद्यान झाले, आणि लोक हात न जोडताही साप बघायला शिकले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली आज टोपलीतला नाग हा गुन्हाच आहे.

घरी येऊन हे सगळे आईला ऐकवले. मला वाटले, वाद घालील. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तो तहानलेला होता?" आणि रात्री नीट जेवली नाही.

त्या नागपंचमीला तिने तुळशीपाशी पाणी ठेवले. नाग आला नाही, चिमण्या आल्या. वाटी मात्र तीच होती, दुधाची.