उतरवलेली झिप फाइल उघडत नसेल तर...

नगरच्या कापडबाजारातील व्यापारी असो वा एमआयडीसीतील लघुउद्योजक. वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रासाठीचे ऑफलाइन टूल सरकारी संकेतस्थळावरून त्याच्या संगणकावर येते ते झिप फाइलच्या रूपात. मासिक जीएसटीआर-१ ची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असते आणि ही फाइल हटून बसते ती बहुधा १० तारखेच्या रात्री.

'फाइल अवैध आहे' असा संदेश आल्यास प्रथम तिचा आकार पाहावा. झिप फाइलची अनुक्रमणिका तिच्या अगदी शेवटी असते. त्यामुळे ९९ टक्के फाइल उतरल्यावर वीज गेली, तरी आत काय आहे हे संगणकाला कळत नाही. अशा फाइलची डागडुजी करण्यापेक्षा ती पुसून पुन्हा उतरवून घेणेच शहाणपणाचे. दुरुस्तीसाठी हिशेबाची फाइल अनोळखी संकेतस्थळावर चढवणे तर कटाक्षाने टाळावे.

आकार अवघा काही केबी भरला तर प्रकरण निराळे. लॉगिनची मुदत संपलेली असल्यास फाइलऐवजी संकेतस्थळाचे एखादे पानच झिपच्या नावाने जतन होते. नोटपॅडमध्ये उघडताच हे उघडकीस येते. खऱ्या झिप फाइलची सुरुवात 'पी' आणि 'के' या दोन रोमन अक्षरांनी होते. १९८९ मध्ये हा प्रकार रूढ करणारे अमेरिकी प्रोग्रामर फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे! त्याजागी 'एचटीएमएल' दिसल्यास नव्याने लॉगिन करावे.

'सीआरसी' त्रुटीचा अर्थ असा, की आतील मजकूर त्याच्या नोंदवलेल्या पडताळणी अंकाशी जुळत नाही. नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर आणलेल्या आणि घाईने उपसलेल्या फाइलींत हा दोष आढळतो. आधारच्या ऑफलाइन ई-केवायसीची फाइल मात्र सदोष नसते. ती उतरवताना आपणच ठरवलेला चार अंकी शेअर कोड तिला हवा असतो. काही सांकेतिक कुलपे विंडोजच्या अंगभूत सोयीला उघडत नाहीत; तेथे मोफत मिळणारे सेव्हन-झिप उपयोगी पडते. विनरार वापरणाऱ्यांनी २०२३ मधील ६.२३ पूर्वीची आवृत्ती ठेवू नये. तिच्यातील त्रुटीचा गैरफायदा घेऊन शेअर व चलन व्यवहार करणाऱ्यांना लक्ष्य करण्यात आले होते.

फाइल उघडते, पण टूल चालत नाही, अशीही तक्रार असते. झिपच्या आतूनच इन्स्टॉलवर क्लिक केल्यास सोबतच्या फाइली त्याला सापडत नाहीत. आधी सर्व फाइली बाहेर काढाव्या लागतात. 'मार्ग फार लांब' असा संदेश आल्यास फाइल थेट डी ड्राइव्हवरील छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये हलवावी, कारण विंडोजची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची आहे.

राहता राहिली मराठी नावे. झिपमध्ये युनिकोड नावांची अधिकृत सोय २००६ मध्ये आली. जुन्या सॉफ्टवेअरने बांधलेल्या गठ्ठ्यात 'अहिल्यानगर'च्या जागी चौकोन वा विचित्र चिन्हे उमटतात. आतील मजकूर बहुधा शाबूत असतो. फाइलींना नव्याने नाव दिले की काम भागते.