पेट्रोलचा दर, इथेनॉल आणि आपला ऊस : वाद नेमका काय, समजून घ्या

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून गावोगावच्या पारावर दोन बाजू पडल्या आहेत. एक म्हणतो, गाडीचं ॲव्हरेज पडलं आणि दर काही उतरला नाही. दुसरा म्हणतो, इथेनॉल बंद झालं तर कारखाना उसाचं बिल कशातून देणार? गंमत म्हणजे बऱ्याचदा हे दोन्ही बोलणारा माणूस एकच असतो. सांगली जिल्ह्यात ऊस घालणाराही तोच आणि पंपावर रांगेत उभा राहणाराही तोच. म्हणून या विषयातली माहिती एका जागी देत आहोत.

पंपावरचा दर कसा ठरतो?

पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून जून २०१० मध्ये मोकळे झाले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून दर रोज ठरवण्याची पद्धत देशभर आली. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. त्यामुळे जागतिक बाजार आणि डॉलरचा भाव या दोन्हींचा परिणाम होतो.

त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क, मग पंपचालकाचं कमिशन आणि शेवटी राज्याचा व्हॅट लागतो. व्हॅट लावताना उत्पादन शुल्कही किमतीत धरलेलं असतं, म्हणजे करावर कर. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, म्हणून राज्याराज्यात दर वेगळे. जत तालुक्यातून कर्नाटकात गेलं की फलकावरचा आकडा बदलतो तो यामुळेच. डेपोपासूनच्या अंतराचाही फरक पडतो.

मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपये आणि डिझेलवरचं ६ रुपये कमी केलं. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले. एवढा मोठा दिलासा एकदम मिळाला तो करातूनच, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

इथेनॉल आलं कुठून?

ही गोष्ट आपल्याच भागातून सुरू झाली. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा पथदर्शी प्रयोग देशात तीन ठिकाणी झाला. त्यातली दोन ठिकाणं महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं, पण पुढची बरीच वर्षं गाडी अडखळतच चालली.

खरा वेग आला २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोल पंपावर आलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं उद्दिष्टही गाठलं. आधी हेच उद्दिष्ट २०३० साठी होतं.

उसापासून किती निघतं?

इथेनॉल तीन प्रकारे निघतं. पूर्ण साखर काढून उरलेल्या मळीपासून काढलं तर त्याला सी-हेवी म्हणतात. थोडी साखर मळीत ठेवून काढलं तर बी-हेवी. साखर न करता थेट रसापासूनही काढता येतं. सी-हेवीतून एका टन उसामागे साधारण १० ते ११ लिटर मिळतं, थेट रसातून सुमारे ७० लिटर.

थेट रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे आहे. ७० लिटरचे झाले साधारण ४,५९० रुपये. यातूनच प्रक्रियेचा खर्च, कर्जाचे हप्ते, पगार भागवायचे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे आणि त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन आपल्या हातात पैसे येतात.

अडचण अशी की २०२२-२३ च्या हंगामात एफआरपी ३,०५० होती, ती ३,५५० झाली. रसाच्या इथेनॉलचा दर मात्र तिथेच आहे. कारखानदार दर वाढवून मागतात ते यावरून. शेतकरी संघटनांचं म्हणणं वेगळं आहे. उपपदार्थांची कमाई उसाच्या दरात पूर्ण धरा, असं त्या म्हणतात. दोन्ही मागण्या एकाच पैशावर आहेत.

धोरणाचाही भरवसा नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन हंगामात, रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. आठवडाभरात थोडी सूट दिली, तरी १७ लाख टन साखरेची मर्यादा राहिली. निर्बंध उठले ऑगस्ट २०२४ मध्ये. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांना त्याचा फटका बसला. कारखान्याची ओढाताण झाली की १४ दिवसांत मिळायचं बिल लांबतं, हे वेगळं सांगायला नको.

मग पेट्रोल स्वस्त का नाही?

कारण इथेनॉल आता स्वस्त राहिलेलं नाही. जुलै २०२५ अखेर वाहतूक आणि जीएसटी धरून तेल कंपन्यांना ते सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडत होतं, आणि ते रिफायनरीतून निघणाऱ्या पेट्रोलपेक्षा महाग असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितलं. परकीय चलन वाचतं आणि पैसा शेतकऱ्याकडे येतो, ही सरकारची बाजू. ग्राहकाचा प्रश्न साधा आहे : ताकद कमी तर पैसे पूर्ण का?

गाडीवर परिणाम होतो का?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता सुमारे एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटू शकतं. ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्के. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग ई-२० ला चालणारे आहेत. जुन्या गाड्यांत रबरी पाइप, वॉशर, गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. साधं पेट्रोलही पंपावर ठेवा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

पाणी, मका आणि डिझेल

नीती आयोगाच्याच हिशेबाने उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. नदीकाठच्या वाळवा-पलूसला हा आकडा जाणवत नाही, जत-आटपाडीला जाणवतो. म्हणून आता मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे असा जास्त दर आहे. मक्याला गिऱ्हाईक वाढलं, पण कोंबडीखाद्य महागल्याची पोल्ट्रीवाल्यांची तक्रारही खरी आहे.

आणि एक गोष्ट चर्चेत राहूनच जाते. आपला ट्रॅक्टर, ऊस वाहणारा ट्रक, एसटी हे डिझेलवर चालतं. इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं. त्यामुळे नांगरटीचा दर इथेनॉलने कमी होणार नाही. शेतातल्या डिझेल इंजिनाला खरा पर्याय सध्या सौर पंपाचा आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो.

आपण काय काळजी घ्यावी?

• इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी गेलं तर ते इथेनॉलसह तळाशी बसतं आणि गाडी बंद पडते. पावसाळ्यात टाकीचं झाकण आणि त्याचं रबर तपासा.
• फवारणी पंप, पॉवर वीडर, ग्रास कटर यांत हंगाम संपल्यावर पेट्रोल ठेवू नका. टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.
• ॲव्हरेज अंदाजाने सांगू नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा फुल करून भागाकार करा.
• मापाची शंका आली तर पंपावरचं ५ लिटरचं प्रमाणित माप मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे.
• तक्रार करायची असेल तर पावती हवीच.